चाल कोणाची?

मागच्या दिवाळीची गोष्ट. फराळाची ताटे उचलली गेली होती, अंगणातली पणती वाऱ्याने दोनदा विझून तिसऱ्यांदा लागली होती, आणि मी ओसरीवर आमच्या भजनी मंडळाची जुनी वही घेऊन बसलो होतो. शेजारी माझी नात. ती पुण्यास व्हायोलिन शिकते. वय तेरा, म्हणजे आजोबांच्या अज्ञानाचा नेमका अंदाज येण्याचे वय. वहीतल्या चाली सुवाच्य अक्षरात उतरवून देण्याचे काम मी तिच्यावर सोपविले होते. तीसएक पाने झाल्यावर तिने पेन्सिल थांबविली आणि विचारले, "आजोबा, मध्यमावरची ही उभी रेघ सबंध वहीत एकाच पानावर कशी? चुकून पडली का?"

"चुकून नव्हे," एवढेच मी म्हणालो, आणि चिवड्यात यंदा खोबरे कमी पडले आहे या विषयाकडे वळलो. पण त्या रेघेने माझी झोप गेली. ती का गेली, हे सांगण्यासाठी प्रथम वहीची हकीगत सांगितली पाहिजे.

आमचे गाव हिमायतनगर. नांदेडहून किनवटकडे जाताना लागते. निजामाच्या अमदानीत त्याला हे नाव मिळाले, त्याआधीचे वाढोणा. कागदोपत्री सर्वत्र हिमायतनगर आहे, पण परमेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसलेला म्हातारा अजून वाढोणाच म्हणतो. महाशिवरात्रीला या परमेश्वराची मोठी जत्रा भरते, आणि तिच्या रात्री जे भजन होते त्यातल्या निम्म्याअधिक चाली एका माणसाच्या. गाव त्यांना नुसते 'बुवा' म्हणे. शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे अभंग देवनागरीत लिहीत आणि समासात तेलवातीचा हिशेब उर्दूत. १९७७ साली मी इथे शिक्षक म्हणून आलो तेव्हा ते थकले होते; दोन वर्षांनी गेले. मागे एक पेटी राहिली आणि चालींची वही. १९८१ च्या पावसाळ्यात ती वही वाळवीने धरली. जी पाने शाबूत होती त्यांची नक्कल मी केली, कारण भातखंडे पद्धतीने स्वर लिहिता येणारा गावात मी एकटाच. तेव्हा आज जिला बुवांची वही म्हणून आम्ही हळदकुंकू वाहतो ती माझ्या हस्ताक्षरात आहे. मूळ पाने राहिली नाहीत.

आता ती रेघ. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. बुवा जन्मभर काळी दोनच्या पट्टीत गायले. त्यांच्या पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा मुकी होती. दाबली तर नुसता वारा फुसफुसे. काळी दोनचा षड्ज धरला की पांढरी सहा म्हणजे बरोबर तीव्र मध्यम. सूर दुरुस्त करावयाचा तर नांदेड गाठावे लागे, त्यासाठी पैसे हवेत. बुवांनी त्याऐवजी तीव्र मध्यमच सोडून दिला. यमन आपल्या परमेश्वराला मानवत नाही, असे ते गंभीर चेहऱ्याने सांगत, आणि आम्हालाही ते पटत असे! मुक्या पट्टीवर इतके सुंदर तत्त्वज्ञान मी दुसरे ऐकलेले नाही.

मग वहीत शेवटून तिसऱ्या पानावर यमन कोठून आला? तो मी घातला. चाल माझी आहे. नक्कल करता करता, तुकोबांच्या एका अभंगाला मला सुचलेली चाल मी त्या पानावर उतरविली आणि मंडळींना सांगितले, ही बुवांची. अठ्ठावीस वर्षांच्या बाहेरगावच्या मास्तराची चाल जत्रेच्या रात्री कोणी उचलली नसती. बुवांची म्हटल्यावर टाळ आपोआप पडले. चाळीसहून अधिक वर्षे ती गायली जाते आहे. बुवांची सर्वांत गोड चाल कोणती असे विचारले तर दहांतले आठजण तीच सांगतील. आणि आता मंडळाने ठरविले होते की वही छापायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने व्हायोलिन काढले. तिच्या पुस्तकाचे नाव सुझुकी पद्धतीचे सहावे पुस्तक. जपानच्या सुझुकींनी मुलांसाठी केलेली ही पुस्तके आज जगभर चालतात. त्यातली हँडेलची म्हणून छापलेली एक सोनाटा तिने वाजविली. सोनाटा म्हणजे काय, हे मला तिनेच समजावून दिले: एका वाद्याने वाजवायची तीन-चार भागांची रचना, एक भाग विलंबित, दुसरा द्रुत असा, आणि साथीला खालच्या स्वरांची एक ओळ. साधारण १६०० ते १७५० या काळाला तिकडे बरोक म्हणतात. आपल्याकडच्या हिशेबाने शिवछत्रपतींच्या जन्माच्या थोडे अगोदरपासून शाहू महाराजांच्या मृत्यूपर्यंत. त्या काळच्या छापील सोनाटांत साथीच्या ओळीवर नुसते आकडे असत. त्यांवरून कोणते स्वर भरावयाचे हे साथीदाराने आपल्या अकलेने ठरवायचे. आमचा पेटीवाला हेच करतो, फक्त आकड्यांवाचून.

वाजवून झाल्यावर ती सहज म्हणाली, "ही हँडेलची नाहीच म्हणे. बाई सांगत होत्या."

मी दचकलो. "पुस्तकात तर नाव आहे!"

"छापलंय तसंच. पूर्वीपासून."

त्या 'पूर्वीपासून'चा पाठलाग करण्यात माझे पुढचे दोन महिने गेले. हिमायतनगरात बसून आता हे करता येते. हकीगत अशी. १७३० च्या सुमारास लंडनच्या जॉन वॉल्श या प्रकाशकाने हँडेलच्या बारा सोनाटांचे पुस्तक काढले. हँडेल तेव्हा त्याच शहरात राहत होता. पण पुस्तकावर नाव वॉल्शचे नव्हते. ॲमस्टरडॅमच्या झान रोजेर या प्रकाशिकेचे होते, आणि ती बाई १७२२ सालीच वारली होती. थोड्या वर्षांत वॉल्शने तेच पुस्तक स्वतःच्या नावाने पुन्हा काढले आणि वर लिहिले की आधीच्या आवृत्तीपेक्षा हे अधिक शुद्ध आहे. शुद्धीकरण काय केले, तर दोन व्हायोलिन सोनाटा काढून दुसऱ्या दोन घातल्या. आजचे संशोधक म्हणतात, काढलेल्या दोन हँडेलच्या नव्हेत आणि घातलेल्याही नव्हेत. एकोणिसाव्या शतकात क्रिझांडर या जर्मन विद्वानाने समग्र हँडेल छापला तेव्हा त्या चारही आत आल्या. नातीची सोनाटा त्यांतलीच एक.

वॉल्शच्या या लबाडीपेक्षा माझ्या मनात घर केले ते एका अनाम माणसाने. ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या प्रतीत अशा सोनाटांच्या माथ्यावर त्या काळच्या कोणीतरी शाईने लिहून ठेवले आहे की ही हँडेलसाहेबांची नव्हे. कोण होता तो? त्याने भांडण केले नाही. आपल्या प्रतीपुरते जे ठाऊक होते ते लिहिले आणि पुस्तक मिटले.

आता कोणी म्हणेल, जुन्या लोकांत मालकीची भावनाच शिथिल होती; त्यांना आजच्या मापाने का मोजता? या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बासरी, व्हायोलिन किंवा ओबो असे सरळ लिहिलेले असे. ज्याच्या घरी जे असेल त्याने ते वाजवावे. हँडेलच्याच काही सोनाटा मूळ एका वाद्यासाठी लिहिलेल्या, छापताना दुसऱ्या वाद्याच्या नावावर गेल्या, आणि त्यासाठी पट्टी बदलली. आमच्याकडे गवळणीची चाल आरतीला लागते आणि आरतीची पाळण्याला; त्यात कोणाला चोरी दिसत नाही, मलाही नाही. अलंकारांचेही तसेच. कोरेलीच्या बारा व्हायोलिन सोनाटा रोमला १७०० साली निघाल्या, म्हणजे इकडे राजाराम महाराज सिंहगडावर वारले त्या वर्षी. विलंबित भागात त्याने लांब लांब साधे स्वर लिहिले. मधल्या जागा वाजविणाऱ्याने भराव्यात हा संकेत. दहा वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या एत्येन रोजेरने, म्हणजे त्या झानच्या वडिलांनी, त्याच सोनाटा पुन्हा छापल्या आणि सांगितले की स्वतः कोरेली या जागा कशा भरतो तेही यात दिले आहे. शंकेखोर तेव्हाही होते. रोजेरने त्यांना निरोप दिला, मूळ कागद पाहायचे असतील तर दुकानी या. कोणी गेले की नाही, इतिहास गप्प आहे. पण रोजेरने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. त्याने कोरेलीची साधी ओळ काढून टाकली नाही. ती तशीच ठेवून नक्षीची ओळ तिच्या डोक्यावर छापली. पुढे टेलेमानने १७२८ आणि १७३२ मध्ये व्हायोलिन किंवा बासरीसाठी बारा सोनाटा काढल्या, त्यांतही पहिल्या भागांना हीच रीत. वाचणाऱ्याला दिसते, इथे अंग आहे आणि इथे दागिना.

म्हणजे भर घालणे हा अपराध नव्हे, हे मी स्वतःशी कबूल करून घेतले. मला त्याचा आनंदही झाला; आरोपीला होतो तसा. पण मग पॅरिसच्या निकोला शेदव्हीलची गोष्ट पुढे आली.

हा शेदव्हील म्युझेट वाजवीत असे. म्युझेट म्हणजे आपल्या मशकबाजाची नाजूक बहीण. तोंडाने फुंकण्याऐवजी काखेतल्या भात्याने हवा भरावयाची. पॅरिसच्या सरदारवर्गात तेव्हा धनगरी थाटाची हौस होती, म्हणून हे वाद्य चलतीत होते. पण थोर रचनाकार त्याच्यासाठी लिहीत नसत. १७३७ साली व्हिवाल्डीच्या नावाने सहा सोनाटांचे पुस्तक निघाले: म्युझेट, बासरी, ओबो, व्हायोलिन, कशावरही वाजवाव्या अशा. प्रकाशक म्हणून नाव मार्शां याचे. खरे पाहता रचना शेदव्हीलच्या होत्या. पैसा त्याचा आणि नफाही त्याचाच. व्हिवाल्डी अजून हयात होता. बारा वर्षांनी, १७४९ मध्ये, मार्शांने सरकारी दप्तरात याची कबुली लिहून दिली, आणि तो कागद तिथेच पडून राहिला. १९९० च्या सुमारास तो उजेडात आला. तोवर अडीचशे वर्षे लोकांनी त्या सोनाटा व्हिवाल्डीच्या म्हणून वाजविल्या होत्या.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. मला तो मनुष्य ओळखीचा वाटला. आपली रचना आपल्या नावावर कोणी हाती धरणार नाही, ही त्याची भीती, माझीही तीच. त्याला नफा मिळाला, मला काही मिळाले नाही, असे मनाशी म्हणून पाहिले. पण तेही खरे नव्हे. जत्रेच्या रात्री मागे टाळ वाजवीत उभा असताना, शंभर गळे माझी चाल गात आहेत आणि हे फक्त मला ठाऊक आहे, या गुपिताची चव मी चाळीस वर्षे चाखली आहे. ती काही कमी मिळकत नव्हे.

आपल्या परंपरेत यावर एक तयार उत्तर आहे. कितीतरी अज्ञात भक्तांनी आपले अभंग तुकोबांची नाममुद्रा घालून सोडून दिले. नाव मिरविण्याऐवजी थोराच्या नावात विरून गेले. ही शेदव्हीलची लबाडी की वारकऱ्याचे समर्पण? मला वाटते, विरघळणाऱ्या माणसाला आपले गुपित गोड लागत नसावे. शिवाय त्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा दोन भागांत काढली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणांच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून पाठ ताडून पाहावे लागले. साडेचार हजारांवर अभंग! कोणाच्या तरी भक्तीचा गुंता सोडविण्यात विद्वानांच्या पिढ्या खपल्या आणि अजून खपत आहेत.

याहून अवघड उदाहरण भातखंड्यांचे. या मनुष्यावर माझी भक्ती आहे, हे आधी सांगून टाकतो. मला स्वर लिहिता येतात ते त्यांच्यामुळे. वकिली करणाऱ्या या गृहस्थाने गावोगाव हिंडून उस्तादांच्या कडीकुलुपातल्या शेकडो बंदिशी मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत तुमच्याआमच्यासाठी खुल्या केल्या. नाहीतर वाढोण्याच्या मास्तराला ग्वाल्हेर-रामपूरचा ख्याल दिसला असता कोठे? पण याच भातखंड्यांनी १९१० साली लक्ष्यसंगीत हा संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या नावाने काढला, आणि नंतर विष्णुशर्मा या दुसऱ्या नावाने मराठीत संगीत पद्धती लिहिताना त्या चतुर पंडिताचे श्लोक आधाराला घेतले. विष्णुशर्मा चतुर पंडिताविषयी आदराने बोलतो, आणि दोघेही एकच! संस्कृत श्लोकावाचून लोक ऐकणार नाहीत हे त्यांनी ओळखले असावे. लोकस्वभावाची त्यांची पारख बरोबर होती. तरीही वाचताना माझ्या मनात किंचित अंतर पडते. ज्याने दुसऱ्यांच्या हजारांवर बंदिशी प्रामाणिकपणे मांडल्या, त्यालाही स्वतःचे म्हणणे मांडताना आडोसा लागला. मग माझ्यासारख्याची काय कथा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो मोहच.

या सगळ्यात नुकसान कोणाचे, हा प्रश्न उरतोच. हँडेलची नव्हे म्हणून नातीची सोनाटा बेसूर झाली नाही. शेदव्हीलचा कागद सापडल्यावर त्या सोनाटांचा एक स्वरही बदलला नाही. ऐकणाऱ्यांच्या लेखी मात्र त्या एका दिवसात उतरल्या असतील, आणि हा दोष शेदव्हीलचा नसून आपला आहे. आपण पुष्कळदा नाव ऐकतो आणि गाणे ऐकल्यासारखे करतो. हे मला मान्य आहे. पण आमच्या वहीत नुकसान झालेला एक माणूस होता, आणि तो बुवा. दुरुस्तीला पैसे नसताना अकरा स्वरांत जन्मभर गाणी बांधणारा माणूस. त्याची सगळी कारागिरी त्या अडचणीतून निघालेली. गाव त्याला ओळखते ते मात्र मुक्या पट्टीच्या चालीने. मी त्यांना एक गोड चाल भेट दिली असे समजत होतो, आणि वस्तुतः त्यांच्या चाळीस चालींवर माझी एक नेऊन ठेवली होती.

बुवांचे चिरंजीव आता सत्तरीत आहेत. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचे किराणा दुकान आहे. पौषातल्या एका दुपारी गिऱ्हाईक नाही असे पाहून गेलो आणि सांगून टाकले. त्यांनी तराजूतली साखर कागदात ओतली, पुडी बांधली, दोरा तोडला.

"इतक्या वर्षांनं सांगायलाव, गुरुजी?"

मी काही बोललो नाही.

"वडलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही तीच म्हणतो. पोरालाही मी तीच शिकवली, आज्याची म्हणून." बराच वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुस्तकात तुमचं नाव टाका. पण त्यातून काढू नका ती. अन् पेटीचं लिहा. ती पट्टी वाजत नव्हती, हे लिहा. लोकाला वाटतं, त्यांना यमन येत नव्हता."

बुवांना यमन येत असे, हे मला त्या दिवशी कळले. पेटी बाजूला ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर ते पहाटे घरात गात. चहा झाला. चहाचे पैसे त्यांनी नेहमीप्रमाणे घेतले नाहीत, आणि मी नेहमीइतका आग्रह केला नाही.

जत्रेपर्यंत पुस्तक निघाले नाही. जत्रेत मंडळींनी ती चाल घेतली तेव्हा वीणेकऱ्याने रिवाजाप्रमाणे 'बुवांची' म्हणूनच पुकारली. मी टाळ धरला. पुढे उन्हाळ्यात मजकूर पूर्ण केला. प्रत्येक चालीला दोन ओळी दिल्या आहेत: वर वहीतली, खाली मंडळी आज म्हणतात ती. वाळवीने खाल्लेल्या जागा मी भरल्या होत्या तिथे तारकाचिन्ह घातले. अशा अकरा निघाल्या, माझ्या आठवणीपेक्षा चार जास्त. प्रस्तावनेत पेटी आली, पांढरी सहा आली, आणि पहाटेचा यमन आला. शेवटून तिसऱ्या पानावर अभंगाच्या माथ्यावर एक ओळ लिहिली: ही चाल बुवांची नव्हे, १९८१ साली नक्कल करणाऱ्याने घातली.

प्रुफे नांदेडहून आली तेव्हा ती ओळ नव्हती. फोन केला तर छापखान्यातला मुलगा म्हणाला, पान भरत होते म्हणून काढली. नाहीतर चार मात्रा पुढच्या पानावर जात होत्या. त्यालाही त्याची अडचण होती. मी तांबड्या शाईचे पेन शोधले, ओळ समासात पुन्हा लिहिली, चार मात्रा पुढे गेल्या तर जाऊ द्याव्या असे खाली लिहिले, आणि प्रुफे दुपारच्या एस.टी.ने नांदेडला पाठविली.